व्याख्या पाठ, तरी शब्दाची जात चुकते: इंग्रजी पार्ट्स ऑफ स्पीचचं जुनं दुखणं

तक्रार दरवर्षी तीच असते. नाउन, व्हर्ब, ॲडजेक्टिव्ह, ॲडव्हर्ब, आठही व्याख्या मुलगा एका दमात म्हणून दाखवतो. सुटे शब्द विचारले, 'टेबल', 'रन', 'ब्युटिफुल', तर एकही चुकत नाही. तेच वाक्यात एखादा शब्द अधोरेखित करून विचारला की गाडी घसरते. गाइड बदलून बघतात, क्लास बदलून बघतात, भिंतीवर रंगीत तक्ता लावतात; पुढच्या चाचणीत परत तेच. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मोठी मुलंसुद्धा इथेच मार्क घालवतात.

सोलापूरच्या पूर्व भागात शिकवताना एकाच बाकावर घरी तेलुगू, कन्नड, दख्खनी आणि मराठी बोलणारी मुलं बसलेली असतात. गंमत म्हणजे चौघंही एकाच ठिकाणी अडखळतात. मेहनत कमी पडते म्हणावं तर चौघांची सारखीच कशी कमी पडेल? बिघाड दुसरीकडे आहे, आणि तो सापडतो.

आधी मुलाचे जुने पेपर काढा

उपाय करण्याआधी मागच्या दोन-तीन चाचण्यांतली चुकलेली उत्तरं एकत्र मांडून बघा. चुका विखुरलेल्या वाटतात, पण बहुतेक वेळा त्यांना एक ठरलेली चाल असते. 'फास्ट' दिसला की ॲडजेक्टिव्ह, 'आफ्टर' दिसला की प्रिपोझिशन, असं शब्दाला कायमचं लेबल चिकटवलं आहे का? शब्दाच्या मराठी अर्थावरून जात ठरवली आहे का? शेवटी 'ली' दिसलं की डोळे झाकून ॲडव्हर्ब लिहिलं आहे का? की क्रियापदच सापडलेलं नाही? शेवटची चूक वरून दिसत नाही, कारण पेपरात कुणी सहसा 'क्रियापद शोधा' म्हणत नाही. पण ते सापडलेलं नसेल तर बाकीची सगळी उत्तरं अंदाजानेच दिलेली असतात.

कारण एकच

जात शब्दाला चिकटलेली नसते, ती त्या वाक्यातल्या कामाला असते. एकच माणूस कारखान्यात जॉबर म्हणजे मुकादम, घरी मामा आणि सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदी घालून नंदीध्वज पेलणारा असतो. तो कोण, हे कुठे उभा आहे त्यावर ठरतं. इंग्रजी शब्दांचं असंच आहे, आणि मराठीपेक्षा कितीतरी जास्त. मराठीत शब्दाच्या अंगावर खुणा असतात: 'चादर', 'चादरीला', 'चादरींवर' असा प्रत्यय दिसला की नाम ओळखू येतं. इंग्रजीत त्या खुणा बऱ्याच झिजल्या आहेत. 'वॉटर' हा शब्द नाम म्हणून आला काय आणि क्रियापद म्हणून आला काय, दिसायला तसाच. 'वी वॉटर द प्लांट्स' या वाक्यात 'वॉटर' क्रियापद आहे हे फक्त त्याच्या जागेवरून कळतं.

तसं ही गोष्ट मराठी मुलाला नवीन नाही. 'ती चादर माझी' यात 'ती' दर्शक विशेषण, 'ती गावाला गेली' यात सर्वनाम. 'तो वर गेला' यातलं 'वर' क्रियाविशेषण, 'टेबलावर' मधलं शब्दयोगी अव्यय. मराठीच्या पेपरात हे बरोबर लिहिणारा मुलगा इंग्रजीच्या पेपरात मात्र शब्दाकडे एकटं बघतो. म्हणून प्रश्न बदला. 'हा शब्द कुठल्या जातीचा?' हे विचारूच नका. 'हा इथे काय करतोय?' एवढंच विचारा.

मराठी अर्थ कसा फसवतो

माझ्या मते निम्म्याहून जास्त चुका इथे होतात, आणि गाइडात याबद्दल फारसं काही नसतं.

'आय ॲम हंगरी' या वाक्यात 'हंगरी' कोण? मूल मनातल्या मनात 'मला भूक लागली' असं करतं, 'भूक' नाम आहे हे त्याला पक्कं माहीत असतं, आणि ते नाउन लिहून मोकळं होतं. मराठीपुरतं त्याचं बरोबरच आहे! इंग्रजीत मात्र 'हंगरी' ॲडजेक्टिव्ह आहे. भुकेला नाउन 'हंगर'. 'आय ॲम लेट' म्हणजे 'मला उशीर झाला'. 'उशीर' नाम, 'लेट' ॲडजेक्टिव्ह. 'शी इज अफ्रेड ऑफ डॉग्ज' म्हणजे 'तिला कुत्र्यांची भीती वाटते'. 'भीती' नाम, 'अफ्रेड' ॲडजेक्टिव्ह.

आपल्याकडे भूक, भीती, उशीर, थंडी, राग या गोष्टी माणसाला लागतात, वाटतात, होतात, येतात. माणूस 'मला' म्हणून बाजूला उभा असतो. इंग्रजी त्याच माणसाला वाक्याच्या तोंडाशी कर्ता म्हणून बसवते आणि भावना विशेषण करून त्याच्यामागे लावते. तेलुगूतलं 'नाकु आकलि' आणि कन्नडमधलं 'ननगे हसिवु' याच मराठी वळणाचं आहे: मला, आणि पुढे भूक हे नाम. चौघं एकाच जागी का घसरतात, त्याचं उत्तर हे.

उलटंही होतं. 'शी स्लेप्ट वेल' याचं सहज मराठी 'तिला चांगली झोप लागली'. यातलं 'चांगली' झोपेचं विशेषण आहे, म्हणून मूल 'वेल'ला ॲडजेक्टिव्ह म्हणतं. पण इंग्रजी वाक्यात झोप हे नाम नाहीच. 'स्लेप्ट' हे क्रियापद आहे आणि 'वेल' त्याला लागलेलं ॲडव्हर्ब. 'इट रेन्ड हेविली' म्हणजे 'जोराचा पाऊस पडला': पुन्हा तीच अदलाबदल. 'लेट अस गो फॉर अ वॉक' म्हणजे 'चल, फिरायला जाऊ'; फिरणं ही क्रिया, म्हणून 'वॉक' व्हर्ब असं उत्तर येतं. त्याच्या आधी 'अ' उभा आहे, तो नामाशिवाय येत नाही, हे कुणी बघत नाही. 'वी हॅड अ गुड लाफ' यातल्या 'लाफ'चंही तेच.

उपाय थोडा कडू आहे. जात लिहून होईपर्यंत वाक्याचं भाषांतर बंद. आधी पेन्सिलीने जात, मग अर्थ. मुलं कुरकुरतात: "सर, अर्थच कळला नाही तर जात कशी कळंल की वो?" त्यांना असं वाक्य द्या ज्याला अर्थच नाही:

'द मोपी टरप्स ब्लिम्ड अ लूम.'

मोपी, टरप, ब्लिम, तिन्ही शब्द मी मनाने रचलेले. तरी विचारा, टरप्स कोण? लगेच उत्तर येतं: नाउन, अनेकवचनी. मोपी? टरप कसे आहेत ते सांगतोय, म्हणजे ॲडजेक्टिव्ह. ब्लिम्ड? टरपांनी मागाला काहीतरी केलं, म्हणजे व्हर्ब, तेही भूतकाळी. अर्थ शून्य, तिन्ही उत्तरं बरोबर. इतका वेळ जो शब्दाच्या अर्थाकडे बघत होता, तो शब्दाच्या जागेकडे आणि शेवटाकडे बघायला लागतो. असली चार-पाच वाक्यं मुलांना स्वतः रचायला सांगा. वर्गात हसून हसून पुरेवाट होते आणि व्याकरण आपोआप होऊन जातं.

क्रियापद सापडल्याशिवाय पुढे जायचं नाही

मराठी, तेलुगू, कन्नड, दख्खनी, चारही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी. डोळ्याला तीच सवय. इंग्रजीत ते कर्त्याच्या मागोमाग येतं, आणि शेवटी भलताच कुणीतरी असतो.

'मेनी विमेन रोल बिडीज ॲट होम.'

हे वाक्य आमच्याकडे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही, निम्म्या वर्गाच्या घरात ते रोज घडतं. तरी 'रोल' अधोरेखित केला की उत्तर नाउन. का? कारण 'रोल नंबर' पहिलीपासून ऐकलाय. अशा वेळी वाक्याच्या तोंडाशी 'यस्टर्डे' लावायचं आणि कुठला शब्द बदलावा लागतो ते बघायचं: 'यस्टर्डे मेनी विमेन रोल्ड बिडीज ॲट होम.' बदलला तो व्हर्ब.

हीच युक्ती दोन वाक्यांवर लावून बघा. 'द लूम्स स्टॉप ॲट नाइट' याला काल लावलं तर 'स्टॉप्ड' होतं, म्हणजे 'स्टॉप' व्हर्ब. 'द बस स्टॉप इज निअर द फोर्ट' याला काल लावलं तर 'इज'चं 'वॉज' होतं आणि 'स्टॉप' जागचा हलत नाही, तो नाउन. 'कट', 'पुट', 'हिट' असे शब्द भूतकाळातही बदलत नाहीत, तिथे कर्ता 'ही' करून बघा: 'ही कट्स', 'ही पुट्स'. 'एस' घेतला की व्हर्ब. आणि 'टू'च्या मागोमाग आलेलं मूळ रूप, 'ही वॉन्ट्स टू स्टॉप' मधलं 'स्टॉप', काळाप्रमाणे बदलत नाही तरी क्रियापदाचंच रूप आहे, एवढा अपवाद लक्षात ठेवायचा.

नामाची चाचणी सोपी आहे. त्याच जागी, त्याच वाक्यात, आधी 'द' किंवा 'फाइव्ह' चालतं का बघा. 'विमेन द रोल बिडीज' चालत नाही.

तोंडी परीक्षेत किंवा वाचनात आणखी एक मदत मिळते ती आघाताची. 'एक्सपोर्ट' हा शब्द नाम असेल तर जोर 'एक्स'वर पडतो, क्रियापद असेल तर 'पोर्ट'वर. 'द एक्सपोर्ट ऑफ टॉवेल्स' आणि 'सोलापूर एक्सपोर्ट्स टॉवेल्स' मोठ्याने म्हणून बघा. 'रेकॉर्ड', 'प्रेझेंट', 'ऑब्जेक्ट', 'कंडक्ट' यांचंही तसंच. सगळ्या शब्दांना हा नियम लागत नाही, पण या जोड्या परीक्षेत वारंवार येतात.

आफ्टर, सिन्स, ऑफ, टू: चिल्लर शब्द, मोठा घोळ

"आफ्टर म्हणजे नंतर, नंतर म्हणजे कालवाचक, म्हणून ॲडव्हर्ब." हे उत्तर ऐकायला तर्कशुद्ध वाटतं. 'तो नंतर आला' आणि 'जेवणानंतर आला' या दोन्हीत मराठीला एकच शब्द पुरतो, म्हणून गोंधळ वाढतो. इथे अर्थ सोडा आणि त्या शब्दाच्या पुढे काय आहे ते बघा.

पुढे नुसतं नाम किंवा सर्वनाम असेल तर प्रिपोझिशन: 'ही केम आफ्टर लंच.' पुढे कर्ता आणि क्रियापद असलेलं आख्खं उपवाक्य असेल तर कंजंक्शन: 'ही केम आफ्टर द शिफ्ट एन्डेड.' पुढे काहीच नसेल तर ॲडव्हर्ब: 'ही केम सून आफ्टर.' 'बिफोर' आणि 'सिन्स' यांनाही हेच लावा. 'सिन्स मॉर्निंग', 'सिन्स ही लेफ्ट', आणि 'आय हॅव नॉट सीन हिम सिन्स' ही तिन्ही वाक्यं वहीत एकाखाली एक लिहून ठेवण्यासारखी आहेत.

यात एक खड्डा आहे. 'आफ्टर द शिफ्ट' एवढं वाचून मूल थांबतं, नाम दिसलं म्हणून प्रिपोझिशन लिहितं, आणि पुढचं 'एन्डेड' बघतच नाही. म्हणून पूर्णविराम किंवा स्वल्पविराम येईपर्यंत वाचायचं, क्रियापद येतंय का बघायचं, मगच लिहायचं.

दुसरा खड्डा: 'द बेंच ही सॅट ऑन वॉज वेट.' 'ऑन'च्या पुढे नाम नाही, मग ॲडव्हर्ब? नाही. त्याचं नाम आधीच येऊन गेलंय, तो बसला कशावर, तर बेंचवर. 'व्हॉट आर यू लुकिंग ॲट?' यातही 'ॲट' प्रिपोझिशनच आहे. नाम पुढे दिसलं नाही तर मागे वळून बघा.

तिसरा जरा वरच्या इयत्तेचा, पण स्पर्धा परीक्षेत उपयोगी. 'आय गॉट ऑफ द बस ॲट सात रस्ता' आणि 'आय टर्न्ड ऑफ द फॅन.' दोन्हीत 'ऑफ' आणि दोन्हीत पुढे नाम. तरी पहिलं प्रिपोझिशन आणि दुसरं ॲडव्हर्ब, ज्याला नवीन व्याकरणात पार्टिकल म्हणतात. ओळखायचं कसं? नामाच्या जागी 'इट' घाला. 'आय टर्न्ड इट ऑफ' असं 'इट' मध्ये शिरतं. 'आय गॉट इट ऑफ' असं बसबद्दल म्हणता येत नाही, तिथे 'गॉट ऑफ इट' म्हणावं लागतं. 'इट' मध्ये घुसला की ॲडव्हर्ब.

'टू'ला तर दोन कामं. 'ही वेंट टू पंढरपूर टू सी विठोबा.' पहिल्या 'टू'पुढे गाव, म्हणून प्रिपोझिशन. दुसऱ्यापुढे क्रियापद, तो नुसता इन्फिनिटिव्हचा, म्हणजे क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येणारा 'टू'. 'लाइक' असाच: 'आय लाइक शेंगा चटणी' यात व्हर्ब, 'इट टेस्ट्स लाइक शेंगा चटणी' यात प्रिपोझिशन.

'ली' दिसलं म्हणून

शब्दाचा शेवट बघून जात ओळखायला शिकवतात, ते वाईट नाही. 'नेस', 'मेंट', 'शन', 'इटी' बहुतेक वेळा नाम. 'फुल', 'लेस', 'एबल' विशेषण. पण हा फक्त अंदाज, निकाल नाही. 'फ्रेंडली', 'लव्हली', 'लोन्ली', 'काउअर्डली' हे सगळे ॲडजेक्टिव्ह. 'डेली' तर तिन्ही वेष घेतो: 'अ डेली पेपर' मध्ये ॲडजेक्टिव्ह, 'द पेपर कम्स डेली' मध्ये ॲडव्हर्ब, 'अ मराठी डेली' मध्ये नाउन. उलट 'फास्ट' आणि 'हार्ड' यांना 'ली' नसूनही ते ॲडव्हर्ब होतात: 'ही वर्क्स हार्ड.' आणि 'हार्डली' म्हणजे जोरात नव्हे, 'जेमतेम' किंवा 'क्वचितच'. आमच्या कडक भाकरीला 'हार्ड' म्हणा, 'हार्डली' म्हणू नका.

ॲडजेक्टिव्ह की ॲडव्हर्ब हा प्रश्न 'लुक', 'स्मेल', 'टेस्ट', 'फील', 'साउंड' या क्रियापदांपाशी सगळ्यात जास्त छळतो. 'द चटणी स्मेल्स गुड.' क्रियापदाच्या मागे आलंय, म्हणजे ॲडव्हर्ब असणार, असं वाटतं. क्रियापद काढून तिथे 'इज' घाला: 'द चटणी इज गुड.' अर्थ टिकला, म्हणजे 'गुड' चटणीबद्दल बोलतोय, तो ॲडजेक्टिव्ह. 'शी लुक्ड अँग्री' टिकतं. 'शी लुक्ड अँग्रिली ॲट अस' यात 'इज' घालून बघा, वाक्य मोडतं, कारण तिथे 'अँग्रिली' बघण्याच्या क्रियेला लागलेलं ॲडव्हर्ब आहे.

'इंग'वाल्या शब्दांचंही असंच, कामावरून. 'वीव्हिंग इज हिज ट्रेड' मध्ये विणकाम हे नाव आहे, वाक्याचा कर्ता आहे; इथे नामाचं काम, म्हणून जेरंड. 'ही इज वीव्हिंग अ चादर' मध्ये 'इज'सोबत मिळून क्रियापद. 'अ व्हेरी इंटरेस्टिंग स्टोरी' मध्ये आधी 'व्हेरी' बसलंय, पुढे नाम आहे, म्हणजे ॲडजेक्टिव्ह. 'सीलिंग' आणि 'ईव्हनिंग' हे मात्र आता सरळ नाम आहेत.

'दॅट': इथे मराठी उलट मदत करते

वर भाषांतर बंद म्हटलं, पण 'दॅट'साठी मी ते स्वतःच उघडतो. 'दॅट' एकटा चार-पाच कामं करतो आणि मराठीत त्या कामांना बऱ्यापैकी वेगळे शब्द आहेत.

'दॅट चादर इज माइन': ती चादर. पुढे नाम चिकटलेलं, म्हणून डिमॉन्स्ट्रेटिव्ह ॲडजेक्टिव्ह. 'दॅट इज माय चादर': ती माझी चादर, नामाच्या जागी एकटा उभा, प्रोनाउन. 'द चादर दॅट आय बॉट': मी घेतली 'ती' किंवा 'जी' चादर; रिलेटिव्ह प्रोनाउन. 'आय नो दॅट ही इज इल': मला माहीत आहे 'की' तो आजारी आहे, कंजंक्शन. मराठीत 'जी, जो, जे' बसत असेल तर रिलेटिव्ह प्रोनाउन, 'की' बसत असेल तर कंजंक्शन. इंग्रजीतच तपासायचं असेल तर 'दॅट'च्या जागी 'विच' घालून बघा. 'द चादर विच आय बॉट' चालतं, 'आय नो विच ही इज इल' चालत नाही. पाचवं काम क्वचित दिसतं: 'आय ॲम नॉट दॅट टायर्ड', इतका काही दमलो नाही. 'टायर्ड' या विशेषणाची मात्रा सांगतोय, म्हणून ॲडव्हर्ब.

'हर' आणि 'हिज' इतके अवघड नाहीत. 'हर'च्या जागी 'हिम' बसलं तर प्रोनाउन ('आय सॉ हर'), 'हिज' बसलं तर पझेसिव्ह ॲडजेक्टिव्ह ('हर बॅग'). 'हिज'पुढे नाम असेल तर ॲडजेक्टिव्ह, 'द बॅग इज हिज' असं एकटं असेल तर प्रोनाउन.

दोन पुस्तकं दोन उत्तरं देतात तेव्हा

हा बिघाड मुलाचा नाही. 'आठ' हा आकडा मुळात ग्रीक व्याकरणातून लॅटिनमध्ये आणि तिथून इंग्रजीत आला. ग्रीकांच्या आठांत आर्टिकल होतं. लॅटिनला आर्टिकलच नाही, म्हणून तिथल्या पंडितांनी ते काढून इंटरजेक्शन आत घेतलं आणि आकडा आठवर ठेवला. आपल्याकडे यास्काच्या निरुक्त या प्राचीन संस्कृत ग्रंथात चारच: नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग, निपात (अव्यय). मराठीच्या शाळेतल्या आठ जातीही इंग्रजी वळणाच्या. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ मध्ये छापलं गेलं, तेव्हा समोर नमुना इंग्रजी व्याकरणाचाच होता. त्यामुळे आठच का, नऊ का नाहीत, यावर मुलाने डोकं आपटून घेऊ नये.

व्यवहारात घोळ होतो तो 'अ', 'अन', 'द', 'माय', 'धिस', 'सम' यांचा. जुन्या पद्धतीत हे ॲडजेक्टिव्ह, नव्या पुस्तकांत डिटरमिनर नावाचा वेगळा गट. दोन्ही बरोबर. ज्या परीक्षेला बसायचंय तिच्या पाठ्यपुस्तकात आणि जुन्या प्रश्नपत्रिकांत जे नाव आहे तेच लिहा. बहुपर्यायी प्रश्नात तर पर्यायच सांगतात: चारांत डिटरमिनर असेल तर तो, नसेल तर ॲडजेक्टिव्ह.

'कॉटन टॉवेल' मधला 'कॉटन', 'सोलापूर चादर' मधला 'सोलापूर' हाही भांडणाचा विषय. शाळेतली बरीच पुस्तकं 'नामाआधी आलं, नामाबद्दल सांगतं' म्हणून त्याला ॲडजेक्टिव्ह म्हणतात; आधुनिक व्याकरणकार त्याला नामच मानतात, फक्त विशेषणाचं काम करणारं. 'व्हेरी सोलापूर चादर' म्हणता येत नाही, म्हणून मला दुसरं मत पटतं. पेपरात मात्र मी मुलांना पुस्तकाप्रमाणे लिहायला सांगतो. मार्क तपासणारा देतो.

दुरुस्त झालं का, ते बघायचं असेल तर

कुठलाही बरा इंग्रजी शब्दकोश घ्या आणि 'राउंड' उघडा. एका शब्दापुढे नाउन, व्हर्ब, ॲडजेक्टिव्ह, ॲडव्हर्ब, प्रिपोझिशन अशी पाच लेबलं दिसतील. ते पान मुलाला एकदा दाखवाच. मग शब्दकोश मिटून ही वाक्यं द्या, फक्त 'राउंड' किंवा 'राउंडेड' कोण ते विचारा, आणि उत्तरासोबत कारणही एका ओळीत लिहायला लावा. कारण लिहिता आलं नाही तर उत्तर बरोबर असूनही अर्धे मार्क कापा.

अ) वी वॉक्ड राउंड द सिद्धेश्वर लेक.
आ) ही लॉस्ट इन द फर्स्ट राउंड.
इ) द बस राउंडेड द कॉर्नर.
ई) शी बॉट अ राउंड मिरर.
उ) द चाइल्ड टर्न्ड राउंड.
ऊ) द गार्ड मेक्स अ राउंड ॲट नाइट.
ए) शी शोड अस राउंड द फोर्ट.
ऐ) शी शोड अस राउंड.

उत्तरं: अ प्रिपोझिशन, पुढे तळं आहे. आ नाउन, आधी 'द फर्स्ट'. इ व्हर्ब, भूतकाळाचा 'एड' लागलाय. ई ॲडजेक्टिव्ह, आरसा कसा ते सांगतो. उ ॲडव्हर्ब, पुढे काही नाही. ऊ नाउन, 'अ' आहे. 'गस्त घालतो' असं मराठी करून व्हर्ब लिहिलं असेल तर भाषांतराची सवय अजून सुटलेली नाही, पुन्हा टरप्सकडे जा. ए प्रिपोझिशन, 'अस' मध्ये आला तरी 'राउंड'चं नाम किल्ला आहे. ऐ ॲडव्हर्ब, किल्ला गेला, 'राउंड' एकटा उरला.

ए आणि ऐ या दोन्हींना मुलाने न विचारता वेगवेगळी उत्तरं दिली, तर हा धडा बंद करून टेन्सेसकडे वळायला हरकत नाही.